युनिव्हिजन: अमेरिकेतील स्पॅनिश दूरचित्रवाणीचा उत्कर्ष आणि उतरती कळा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युनिव्हिजन ही कोणत्या देशाची वाहिनी आहे?

युनिव्हिजन ही अमेरिकेची वाहिनी आहे. तिच्यावरील बहुतेक मालिका मेक्सिकोत तयार होत आल्यामुळे ती मेक्सिकन असावी असा समज सर्रास आढळतो. परंतु तिची प्रक्षेपण केंद्रे, तिचे परवाने आणि तिचे जाहिरातदार हे सारे अमेरिकेतले आहेत. तिचा प्रेक्षक म्हणजे मेक्सिको, पोर्तो रिको, क्युबा तसेच मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून आलेली कुटुंबे आणि त्यांची पुढची पिढी. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही ती निदान पाहून माहीत असते, कारण मोठ्या शहरांत साध्या अँटेनावर फुकट दिसणाऱ्या वाहिन्यांमध्ये तिचा समावेश असतो.

पुढचा इतिहास समजण्यासाठी एक तांत्रिक बाब ध्यानात ठेवावी लागते. अमेरिकेत प्रसारणाचा परवाना वाहिन्यांच्या जाळ्याला मिळत नाही, तर प्रत्येक शहरातील स्थानिक केंद्राला मिळतो. जाळे कार्यक्रम पुरवते आणि केंद्र ते दाखवते. हा परवाना देण्याचे आणि त्याचे नूतनीकरण करण्याचे अधिकार संघीय दळणवळण आयोगाकडे, म्हणजेच एफसीसीकडे असतात. युनिव्हिजनच्या वाटचालीतील सर्वांत मोठी कायदेशीर लढाई याच व्यवस्थेतून उद्भवली.

तिची सुरुवात कोणी आणि कोठे केली?

टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहरात, राउल कोर्तेझ यांनी. मूळचे मेक्सिकोतील व्हेराक्रुझचे असलेले कोर्तेझ यांनी 1946 मध्ये तेथे केकॉर हे स्पॅनिश नभोवाणी केंद्र सुरू केले होते आणि 1955 मध्ये त्याच नावाने दूरचित्रवाणी केंद्रही काढले. पूर्ण वेळ स्पॅनिश भाषेत चालणारे ते अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील पहिले दूरचित्रवाणी केंद्र होते.

मात्र त्याच्या वाट्याला आलेला 41 हा क्रमांक यूएचएफ पट्ट्यातला होता, आणि त्या काळचे बहुतेक संच 2 ते 13 या क्रमांकांपलीकडे काही पकडूच शकत नसत. वेगळे उपकरण विकत घेऊन संचाला जोडल्याशिवाय हे केंद्र घरात दिसत नसे, म्हणजे ज्यांच्यासाठी कार्यक्रम होत होते त्या कष्टकरी कुटुंबांनाच वरखर्चाचा भुर्दंड पडत होता. जाहिरातदारांना तर हा प्रेक्षक मोजण्याजोगाच वाटत नव्हता. सर्व नव्या संचांत यूएचएफची सोय बंधनकारक करणारा कायदा 1962 मध्ये झाला आणि 1964 पासून लागू झाला. परंतु कोर्तेझ यांनी त्यापूर्वीच, 1961 मध्ये, केंद्र विकले होते.

ते कोणी विकत घेतले?

खरेदीदारांच्या गटामागे मेक्सिकोतील माध्यमसम्राट एमिलिओ आस्कारागा व्हिदाउर्रेता होते. त्यांच्याच घराण्याची कंपनी पुढे टेलेव्हिसा या नावाने स्पॅनिश जगतातील सर्वांत बलाढ्य दूरचित्रवाणी कंपनी ठरली. परदेशी व्यक्तीला अमेरिकेतील केंद्राचा मोठा वाटा बाळगता येत नसल्यामुळे अमेरिकी नागरिक पुढे करण्यात आले. त्यांपैकी रेने अन्सेल्मो हे आस्कारागांकडे काम केलेले, तर एमिलिओ निकोलास हे कोर्तेझ यांचे जावई होते. सॅन अँटोनिओच्या केंद्राचे नाव केवेक्स झाले, 1962 मध्ये लॉस एंजेलिसचे केमेक्स सुरू झाले, आणि नंतर न्यूयॉर्क परिसर आणि मायामी येथील केंद्रांची भर पडली. या साखळीला कार्यक्रम पुरवणाऱ्या जाळ्याचे नाव स्पॅनिश इंटरनॅशनल नेटवर्क, म्हणजे सिन, असे होते.

व्यवसायाचे गणित साधे होते. मेक्सिकोत एकदा दाखवून खर्च वसूल झालेली मालिका अमेरिकेत पुन्हा दाखवली की मिळणारे उत्पन्न जवळजवळ निव्वळ नफ्याचे असे. आरंभी चित्रफिती एका केंद्राकडून दुसऱ्याकडे पाठवल्या जात, त्यामुळे एकच भाग निरनिराळ्या शहरांत निरनिराळ्या दिवशी दिसत असे. 1976 मध्ये सिनने उपग्रहामार्फत आपल्या केंद्रांना कार्यक्रम पोहोचवण्यास प्रारंभ केला. इंग्रजीतील बड्या जाळ्यांच्या आधी हे पाऊल एका स्पॅनिश जाळ्याने उचलले, ही गोष्ट अमेरिकी दूरचित्रवाणीच्या इतिहासात सहसा तळटीपेतच उरकली जाते.

1986 मध्ये परवान्यांचा वाद कशावरून झाला?

1934 च्या दळणवळण कायद्यातील कलम 310 नुसार प्रसारण परवाना धारण करणाऱ्या कंपनीत परदेशी मालकी 20 टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. सिनशी संलग्न केंद्रांनी कागदोपत्री ही मर्यादा पाळली होती. प्रश्न कागदाचा नव्हता. कार्यक्रम आस्कारागांचे, जाळ्याची सूत्रे त्यांच्या विश्वासातील माणसांकडे, मग केंद्रे खरोखर चालवतो कोण, हा मुद्दा आयोगापुढे आला. जानेवारी 1986 मध्ये आयोगाच्या प्रशासकीय न्यायाधीशांनी या केंद्रांवर परकीय नियंत्रण असल्याचा निष्कर्ष काढून त्यांच्या परवान्यांचे नूतनीकरण नाकारले.

अखेर केंद्रे विकण्याचे ठरले. शुभेच्छापत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या हॉलमार्क कंपनीने एका भागीदारासह ती 30 कोटी 15 लाख डॉलरना घेण्याचा करार केला आणि काही काळाने जाळेही ताब्यात घेतले. 1987 पासून ‘युनिव्हिजन’ हे नाव रूढ झाले.

वृत्तविभागातील बंडाचा प्रसंग काय होता?

याच 1986 साली मेक्सिकोतील मालकांनी हाकोबो साब्लुदोव्स्की यांना अमेरिकेतील बातम्यांची सूत्रे देण्याचे ठरवले. साब्लुदोव्स्की हे टेलेव्हिसाच्या मुख्य बातमीपत्राचा चेहरा होते, आणि ते बातमीपत्र मेक्सिकोच्या सत्ताधारी पक्षाला अनुकूल असल्याची टीका सतत होत असे. मायामीतील वृत्तविभागाने या नेमणुकीस कडाडून विरोध केला. वृत्तप्रमुख गुस्ताव्हो गोदोय आणि त्यांच्यासोबत अनेक पत्रकार राजीनामा देऊन बाहेर पडले. साब्लुदोव्स्की आले नाहीत, मात्र बाहेर पडलेली माणसेही परतली नाहीत.

रिकाम्या झालेल्या खुर्चीवर नोव्हेंबर 1986 मध्ये होर्हे रामोस हा तिशीही न गाठलेला पत्रकार बसला. मेक्सिकोत टेलेव्हिसामध्ये काम करताना आपल्या वृत्तांतावर कात्री चालवली गेली म्हणून नोकरी सोडून लॉस एंजेलिसला आलेला हा तरुण पुढे जवळजवळ चार दशके अमेरिकेतील स्पॅनिश बातम्यांचा सर्वांत ओळखीचा चेहरा ठरला. त्यांच्या सहनिवेदिका मारिया एलेना सालिनास 2017 च्या अखेरपर्यंत त्यांच्यासोबत होत्या.

वृत्तविभागाच्या वारशाविषयी बोलताना रुबेन सालासार यांचा उल्लेख टाळता येत नाही. केमेक्सचे वृत्तसंचालक असलेले सालासार 29 ऑगस्ट 1970 रोजी लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन वंशाच्या नागरिकांच्या युद्धविरोधी मोर्चाचे वार्तांकन करत होते. ते एका उपाहारगृहात बसलेले असताना शेरीफच्या हाताखालील अधिकाऱ्याने आत झाडलेले अश्रुधुराचे नळकांडे डोक्यात बसून त्यांचा मृत्यू झाला.

हॉलमार्कच्या काळात काय बदलले आणि टेलेव्हिसा परत कशी आली?

हॉलमार्कने अमेरिकेतच कार्यक्रम तयार करण्यावर भर दिला. 1989 मध्ये सुरू झालेला क्रिस्तिना सारालेगी यांचा चर्चात्मक कार्यक्रम हे त्याचे उत्तम उदाहरण होय. परंतु असे कार्यक्रम महाग पडतात, आणि जाहिरातदार स्पॅनिश प्रेक्षकासाठी इंग्रजीच्या तोडीचा दर मोजायला तयार नव्हते.

1992 मध्ये हॉलमार्कने 55 कोटी डॉलर घेऊन काढता पाय घेतला. नवे मालक होते हॉलिवूडमधील व्यावसायिक जेरोल्ड पेरेंचिओ, आणि त्यांच्यासोबत अल्प भागीदार म्हणून टेलेव्हिसा आणि व्हेनेझुएलाची व्हेनेव्हिजिऑन. म्हणजे सहा वर्षांपूर्वी ज्या कंपनीला दाराबाहेर काढले होते, तीच आता कायद्याने घालून दिलेल्या मापात, रीतसर, आत आली. सोबत 25 वर्षांचा करारही झाला: दोन्ही परदेशी कंपन्यांनी आपल्या मालिका अमेरिकेत केवळ युनिव्हिजनला द्यायच्या आणि त्याबदल्यात तिच्या महसुलातील ठरावीक टक्के घ्यायचे. लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांच्या, संघटनांनी तेव्हाच आक्षेप घेतला होता की या व्यवहारामुळे अमेरिकेतील कलाकारांचे आणि लेखकांचे काम बुडेल. आक्षेप रास्त होता. पण त्याच कराराने युनिव्हिजनला पुढची पंधरा वर्षे प्रतिस्पर्ध्यांच्या फार पुढे ठेवले, हेही तितकेच खरे आहे.

प्रेक्षक नेमके काय पाहत असत?

सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी तेलेनोवेला, म्हणजे रोजची मालिका. आपल्याकडील दैनंदिन मालिकेहून तिचा एक मूलभूत फरक असा की ती काही महिन्यांत संपते. शेवट ठरलेला असल्यामुळे कथा त्या दिशेने सरकत राहते, आणि अखेरच्या भागाच्या रात्री प्रेक्षकसंख्या शिगेला पोहोचते. कोलंबियाच्या ‘यो सोय बेत्ती, ला फेआ’ या मालिकेवरून हिंदीत 2003 मध्ये ‘जस्सी जैसी कोई नहीं’ आली, हे अनेक मराठी प्रेक्षकांना आठवत असेल. त्याच कथेचा मेक्सिकन अवतार ‘ला फेआ मास बेया’ हा युनिव्हिजनवर विलक्षण लोकप्रिय झाला होता.

शनिवारी रात्री ‘साबादो हिगांते’ असे. चिलीमध्ये 1962 साली सुरू झालेला आणि 1986 मध्ये मायामीला आलेला हा कार्यक्रम मारिओ क्रॉइट्सबर्गर, अर्थात ‘डॉन फ्रान्सिस्को’, सादर करत. गाणी, स्पर्धा, मुलाखती, विनोद आणि जाहिरातींची गीते असे सारे त्यात एकाच रात्री कोंबलेले असे. हौशी गायकांच्या स्पर्धेत तोंडावर बुरखा घेतलेले एक पात्र तुतारी घेऊन उभे राही; गाणे बिघडले की ती कर्कश वाजे आणि गायकाची रवानगी होई. सभागृहातील प्रेक्षक गायकाच्या गळ्यापेक्षा या तुतारीचीच अधिक वाट पाहत. 19 सप्टेंबर 2015 रोजी हा कार्यक्रम 53 वर्षांनी बंद झाला.

सकाळी 1997 पासून ‘देस्पिएर्ता अमेरिका’ आणि त्याखेरीज फुटबॉल होताच.

उत्कर्षाचा काळ कोणता मानावा?

ढोबळमानाने 1992 ते 2013. या काळात अमेरिकेतील लॅटिनो लोकसंख्या झपाट्याने वाढली. 2000 च्या जनगणनेत ती 3 कोटी 53 लाख होती आणि 2010 मध्ये 5 कोटींच्या वर गेली. 1996 मध्ये युनिव्हिजन शेअर बाजारात उतरली, 2002 मध्ये टेलेफुतुरा ही दुसरी वाहिनी निघाली (आजचे तिचे नाव युनिमास), आणि पाठोपाठ स्पॅनिश नभोवाणी केंद्रांची एक मोठी साखळीही कंपनीत विलीन झाली.

राजकीय वजनही वाढले. सप्टेंबर 2007 मध्ये मायामी विद्यापीठात डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या इच्छुकांची स्पॅनिश प्रेक्षकांसाठी पहिली चर्चा युनिव्हिजनने घेतली. प्रश्न स्पॅनिशमध्ये विचारले जात आणि उमेदवारांच्या कानात भाषांतर पोहोचे. नागरिकत्वाचे अर्ज भरा, मतदारनोंदणी करा, अशा मोहिमाही वाहिनीने राबवल्या. जुलै 2013 च्या प्रेक्षकमापनात 18 ते 49 वयोगटात युनिव्हिजन इंग्रजी जाळ्यांनाही मागे टाकून पहिली आली. जुलै महिन्यात इंग्रजी वाहिन्यांवर बहुतांशी पुनःप्रक्षेपण असते हे मान्य केले, तरी पहिला क्रमांक तो पहिलाच.

मग घसरण कशामुळे झाली?

सर्वाधिक ऐकू येणारे उत्तर असे की स्थलांतरितांची मुले इंग्रजीकडे वळली. ते खोटे नाही. पण तेवढ्यावर थांबणे म्हणजे कंपनीच्या कारभाऱ्यांना फुकट सोडून देणे होय.

पहिले कारण कर्जाचे आहे. 2006 मध्ये पेरेंचिओ यांनी कंपनी विक्रीस काढली. टेलेव्हिसाच्या गटाने बोली लावली, परंतु पाच गुंतवणूक कंपन्यांच्या गटाने तिच्यावर मात केली आणि 2007 मध्ये कर्जासह सुमारे 1,370 कोटी डॉलरचा हा व्यवहार पूर्ण झाला. खरेदीचा बहुतांश पैसा कर्जाऊ होता आणि तो युनिव्हिजनच्याच खात्यावर चढला. पुढच्याच वर्षी जागतिक मंदी आली आणि जाहिराती आटल्या. नव्या मालिका, नवे लेखक, नवे तंत्रज्ञान यांवर खर्च व्हायला हवा होता तो पैसा अनेक वर्षे व्याजात गेला. मधल्या काळात एक नामुष्कीही पदरी पडली: जुळ्या बहिणींच्या अदलाबदलीवरची एक मालिका मुलांचा शैक्षणिक कार्यक्रम म्हणून दाखवल्याबद्दल 2007 मध्ये कंपनीला 2 कोटी 40 लाख डॉलर भरावे लागले.

दुसरे कारण परावलंबनाचे. मुख्य वेळेतील मालिका एकाच पुरवठादाराकडून येत असल्याने त्या पुरवठादाराशी बिनसले की युनिव्हिजनचा श्वास कोंडत असे. स्वामित्वधनाच्या हिशेबावरून टेलेव्हिसा न्यायालयात गेली. हा दावा जानेवारी 2009 मध्ये, सुनावणी चालू असतानाच, तडजोडीने मिटला. 2010 मध्ये टेलेव्हिसाने 120 कोटी डॉलर गुंतवले आणि करार लांबवला गेला. पण खरी अडचण मालिकांच्या आशयात होती. गरीब मुलगी, श्रीमंत घर, दडवलेले जन्मरहस्य या साच्याला मेक्सिकोतला प्रेक्षकही विटू लागला होता. शिवाय मेक्सिकोत आधी दाखवलेले भाग इंटरनेटवर सापडत असल्याने अमेरिकेतील प्रेक्षकाला वाट पाहण्याचे कारण उरले नव्हते.

भाषेचा मुद्दा तिसरा. 2000 नंतर अमेरिकेतील लॅटिनो लोकसंख्येची वाढ स्थलांतरापेक्षा तेथेच झालेल्या जन्मांमुळे अधिक होऊ लागली, आणि मंदीनंतर मेक्सिकोतून येणाऱ्यांचा ओघ जवळजवळ थांबला. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या लॅटिनोंचे प्रमाण 2000 मध्ये 78 टक्के होते, ते 2022 पर्यंत 68 टक्क्यांवर आले. प्रमाण घटले तरी एकूण लोकसंख्या वाढल्यामुळे स्पॅनिश बोलणाऱ्यांची संख्या मात्र कमी झालेली नाही. म्हणूनच केवळ भाषेला दोष देणे पटत नाही. प्रेक्षक होता, तो दुसरीकडे गेला.

तो प्रेक्षक कोठे गेला?

बराचसा टेलेमुंडोकडे. 1954 मध्ये पोर्तो रिकोतील केंद्रापासून मुळे धरलेली ही वाहिनी दीर्घकाळ दुसऱ्या क्रमांकावर रखडली होती आणि 1993 मध्ये तर दिवाळखोरीतही गेली होती. 2002 मध्ये एनबीसी या इंग्रजी जाळ्याने ती घेतली. टेलेव्हिसाच्या मालिका मिळणे शक्य नसल्यामुळे तिला स्वतःच्या मालिका निर्माण कराव्या लागल्या, आणि नाइलाजाने धरलेली हीच वाट तिला फळली. 2011 मधील ‘ला रेइना देल सुर’ आणि 2013 पासूनची ‘एल सेन्योर दे लोस सिएलोस’ या मालिकांत अमली पदार्थांचा व्यापार होता, वेगवान कथा होती आणि तरुण पुरुषही पाहतील असा आशय होता. हिंसेच्या उदात्तीकरणाची टीका या मालिकांवर झाली, आणि ती अनाठायी नव्हती. तरीही 2016–17 च्या हंगामात, कामकाजाच्या दिवशीच्या मुख्य वेळेत, 18 ते 49 वयोगटात टेलेमुंडोने युनिव्हिजनला प्रथमच मागे टाकले.

फुटबॉलचा फटका त्याहून वर्मी बसला. फिफा विश्वचषकाचे स्पॅनिश प्रक्षेपण हा युनिव्हिजनचा हक्काचा ठेवा होता. 2011 मध्ये झालेल्या लिलावात 2018 आणि 2022 च्या स्पर्धांचे हक्क टेलेमुंडोने पटकावले. 2014 च्या विश्वचषकात मेक्सिको विरुद्ध नेदरलँड्स हा सामना युनिव्हिजनवर 1 कोटीहून अधिक लोकांनी पाहिला, आणि त्यानंतर ते दार बंद झाले.

उरलेला प्रेक्षक, विशेषतः तरुण, मोबाइलवर आणि नेटफ्लिक्सवर गेला. तेथे त्याला स्पॅनिश आणि इंग्रजी यांत निवड करण्याचीही गरज पडत नाही.

इंग्रजीत उतरण्याचा प्रयत्न झाला नाही का?

झाला आणि फसला. डिस्नेच्या एबीसीसोबत 2013 मध्ये फ्यूजन ही इंग्रजी वाहिनी काढली गेली. 2016 मध्ये दिवाळखोरीत निघालेल्या गॉकर समूहाची संकेतस्थळे 13 कोटी 50 लाख डॉलरना लिलावात घेतली गेली. स्पॅनिश कौटुंबिक मालिका पाहणारी आजी आणि बोचऱ्या इंग्रजी लेखनाची संकेतस्थळे वाचणारा नातू यांना एका छताखाली आणण्यामागचा विचार नीटसा कधीच स्पष्ट झाला नाही. 2019 मध्ये ही संकेतस्थळे विकून टाकण्यात आली. शेअर बाजारात पुन्हा येण्यासाठी 2015 मध्ये केलेला अर्जही 2018 मध्ये मागे घेतला गेला.

डोनाल्ड ट्रम्प यांच्याशी झालेल्या वादाचा काय संबंध?

जून 2015 मध्ये ट्रम्प यांनी मेक्सिकन स्थलांतरितांविषयी काढलेल्या उद्गारांनंतर युनिव्हिजनने त्यांच्या सौंदर्यस्पर्धांचे प्रक्षेपण रद्द केले. ट्रम्प यांनी 50 कोटी डॉलरचा दावा ठोकला, जो पुढच्या वर्षी आपसांत मिटला. ऑगस्ट 2015 मध्ये आयोवातील पत्रकार परिषदेत आपली पाळी नसताना प्रश्न विचारल्यावरून होर्हे रामोस यांना सुरक्षारक्षकाने बाहेर नेले. थोड्या वेळाने त्यांना परत आत घेण्यात आले.

नोव्हेंबर 2023 चे चित्र निराळे होते. ट्रम्प यांच्या फ्लोरिडातील निवासस्थानी टेलेव्हिसाचे पत्रकार एन्रिके आसेवेदो यांनी घेतलेली मुलाखत युनिव्हिजनवर दाखवण्यात आली. ती फारच सौम्य असल्याची टीका झाली आणि निवेदक लेऑन क्राउझे वाहिनीतून बाहेर पडले. ज्यांना 1986 मधले वृत्तविभागाचे बंड आठवत होते, त्यांना या प्रकरणात मेक्सिकोतील मालकांचा हात दिसला. डिसेंबर 2024 मध्ये रामोस यांनीही युनिव्हिजन सोडली.

आज मालकी कोणाकडे आहे, आणि वाहिनी बंद पडली आहे का?

वाहिनी चालू आहे, आणि अमेरिकेतील स्पॅनिश दूरचित्रवाणीत आजही ती पहिल्या दोनांत मोडते. डिसेंबर 2020 मध्ये गुंतवणूकदार वेड डेव्हिस यांच्या फोर्जलाइटने सर्चलाइट कॅपिटलसह बहुसंख्य हिस्सा घेतला. त्यानंतर टेलेव्हिसाच्या कार्यक्रमनिर्मितीचा व्यवसाय 480 कोटी डॉलरच्या व्यवहारातून त्यात मिळवण्यात आला आणि 31 जानेवारी 2022 रोजी टेलेव्हिसायुनिव्हिजन ही एकत्रित कंपनी अस्तित्वात आली. परदेशी मालकीची अडचण या वेळी आली नाही, कारण आयोगाने जानेवारी 2017 मध्येच युनिव्हिजनपुरती ही मर्यादा 49 टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती.

2022 मध्येच कंपनीने व्हिक्स ही स्वतःची ऑनलाइन सेवा सुरू केली. तिचा काही भाग विनामूल्य असून उर्वरित वर्गणी भरून पाहता येतो. सप्टेंबर 2024 मध्ये डेव्हिस यांच्या जागी दानिएल आलेग्रे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. 30 सप्टेंबर 2025 रोजी शुल्काच्या वादातून युनिव्हिजनच्या वाहिन्या यूट्यूब टीव्हीवरून हटवण्यात आल्या, आणि तेथील वर्गणीदारांना आपल्या आवडत्या कार्यक्रमांसाठी व्हिक्स किंवा छपरावरील अँटेना यांपैकी एकाचा आधार घ्यावा लागला.